सर्व्हरखोलीतून: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दस्तऐवजी डेटाबेसवर दोन पानं लिहिली आणि त्यानंतर आलेली पत्रं एका फाइलीत मावेनात. बहुतेक पत्रं मोंगोडीबी नावाचा तसाच एक डेटाबेस वापरणाऱ्यांची आहेत, म्हणून उत्तरंही त्याचीच देते. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यात तक्ते आणि रकाने आधी ठरवून ठेवावे लागत नाहीत. एका ऑर्डरची सगळी हकीकत एका कागदावर लिहावी तशी एका दस्तऐवजात बसते आणि पुढच्या ऑर्डरच्या कागदावर दोन ओळी जास्त असल्या तरी कुणी अडवत नाही. सुरुवात सोपी, म्हणून आपल्याकडे तो टॉवेलच्या कारखान्यांत, आडतीत, लॅबमध्ये शिरला. बसवून देणारा पैसे घेऊन गेला की पुढं त्याला बघायचं कुणी, इथं सगळं अडतं.

मी पुण्यात अकरा वर्षं हेच काम केलं. आता सात रस्त्याजवळ दोन खोल्यांत बसून सोलापुरातले दहा-बारा सर्व्हर सांभाळते. पत्रं बरीच कापली आहेत, राग मानू नये.

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑर्डरचं सॉफ्टवेअर तीन वर्षं छान चाललं. दिवाळीपासून पेंडिंग ऑर्डरचं पान उघडायला पंधरा-वीस सेकंद लागतात. सॉफ्टवेअरवाल्यानं सांगितलं म्हणून रॅम आठ जीबीची सोळा केली. महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो, सर्व्हरच बदला.

उत्तर: थांबा, चेक फाडू नका. तुम्हाला फोन करून त्या पानामागची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, 'एक्सप्लेन'सकट चालवायला लावली होती, त्याचा फोटो समोर आहे. त्यात दोनच आकडे बघायचे. तपासलेले दस्तऐवज ६,१२,४०८. हाती आलेले ४३. आणि वरच्या ओळीत 'कोलस्कॅन', म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा ढीग चाळला. तुमच्या गोदामात एका पार्टीच्या त्रेचाळीस पेट्या काढायला हमालानं सहा लाख पेट्या उघडून बघितल्या तर तुम्ही नवं गोदाम बांधणार, की पेट्यांवर नावं घालणार?

पेट्यांवरची ही नावं म्हणजे इंडेक्स, आणि तुमच्याकडे तो फक्त ऑर्डर नंबरावर आहे. पान मात्र मागतं पार्टी, स्थिती, डिलिव्हरीची तारीख अमुक ते अमुक, आणि वर ऑर्डरच्या तारखेनं लावून. असा चौघांचा मिळून एक इंडेक्स करताना क्रमाला महत्त्व आहे. 'बरोबर एवढंच' असं विचारलेली फील्ड आधी, म्हणजे पार्टी आणि स्थिती. मग ज्यावर क्रम लावायचा ती, ऑर्डरची तारीख. 'इथपासून तिथपर्यंत' वाली, म्हणजे डिलिव्हरीची तारीख, सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला तर इंडेक्स असूनही डेटाबेस सगळा माल मेमरीत ओतून पुन्हा लावत बसतो. ४.२ आवृत्तीपासून इंडेक्स बांधताना कलेक्शनला, म्हणजे दस्तऐवजांच्या त्या गठ्ठ्याला, कुलूप फक्त सुरुवातीला आणि शेवटी क्षणभर लागतं, तरी सुट्टीच्या दिवशीच करा. आणि उत्साहाच्या भरात प्रत्येक फील्डवर इंडेक्स टाकू नका. दर लिखाणाला ते सगळे अद्ययावत करावे लागतात.

रॅमचं गणित असं. मोंगोडीबीचं वायर्डटायगर इंजिन स्वतःच्या कॅशसाठी, म्हणजे हाताशी ठेवायच्या मालासाठी, एकूण रॅममधून एक जीबी वजा करून उरलेल्याचा अर्धा भाग धरतं. आठ जीबीत साडेतीन मिळत होते, सोळात साडेसात मिळाले. महिनाभर तुमचा सगळा ढीग त्या साडेसातात मावला, म्हणून चाळणं पटकन व्हायचं. ढीग वाढला, मावेना, पुन्हा डिस्कवर आला.

आता तो एका महिन्यात इतका वाढला कसा, हे मला त्या पंधरा सेकंदांपेक्षा जास्त खुपलं. तुमचा सर्वात मोठा दस्तऐवज मोजला तर नऊ एमबी निघाला. एका ऑर्डरचा कागद नऊ एमबी! उघडून बघितला तर माग थांबल्याची प्रत्येक नोंद ऑर्डरच्याच पोटात एका यादीत ढकललेली. ताणा तुटला, कांडी संपली, लाइट गेली, सगळं. पान दाखवतं चार ओळी आणि त्यासाठी ओढतं नऊ एमबी. शिवाय एका दस्तऐवजाला १६ एमबीची मर्यादा आहे. ती ओलांडली की ते लिखाण नाकारलं जातं. म्हणजे सहा-सहा महिने चालणारी तुमची सगळ्यात मोठी एक्स्पोर्टची ऑर्डरच आधी अडकणार, गल्लीतल्या शंभर डझनवाल्याची नाही. थांबण्याच्या नोंदी वेगळ्या कलेक्शनमध्ये न्या, एका थांबण्याला एक दस्तऐवज, त्यावर ऑर्डर नंबर. ऑर्डरमध्ये फक्त एकूण किती वेळा आणि शेवटचं कधी एवढं ठेवा. सर्व्हर आहे तोच पुरेल.

प्रश्न: मार्केट यार्डात आडत आहे. एक सर्व्हर गाळ्यात, दुसरा पुण्यात भाड्यानं, दोघांचा रेप्लिका सेट, म्हणजे एकाच डेटाच्या दोन चालत्या प्रती. डिसेंबरात कांद्याची आवक जोरात असताना कुणीतरी जेसीबीनं फायबर तोडली. गाळ्यातला सर्व्हर समोर धडधाकट चालू, सगळा डेटा त्यात, पण पट्टी होईना. 'नॉट प्रायमरी' एवढंच म्हणायचा. शेतकरी दारात उभे. दोन सर्व्हर घेतले ते कशासाठी मग?

उत्तर: तुमचा संताप पत्राच्या अक्षरातही दिसतो. पण सर्व्हरनं केलं ते बरोबर केलं, हे आधी ऐकून घ्या.

माझे वडील मिलमध्ये जॉबर होते. मागावर प्रत्येक ताण्याच्या धाग्यावर एक पातळ पत्री लटकलेली असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. नवीन कामगार वैतागायचे, उत्पादन बुडतं म्हणून पत्रीत काडी अडकवून ठेवायचे. मग वडील त्या मागावरचं कापड उलगडून त्यांच्यासमोर धरायचे. दहा वार फाटकं.

रेप्लिका सेटमध्ये लिखाण घेण्याचा अधिकार एकालाच, तो प्रायमरी; बाकीचे त्याची नक्कल घेणारे, ते सेकंडरी. आणि प्रायमरी राहायला एकूण मतांच्या अर्ध्याहून जास्त मतं लागतात. दोनाच्या अर्ध्याहून जास्त म्हणजे दोन. सदस्य दर दोन सेकंदांनी एकमेकांची नाडी बघतात आणि दहा सेकंद उत्तर आलं नाही की समोरचा गेला असं धरतात. फायबर तुटली तेव्हा गाळ्यातल्या सर्व्हरला एवढंच कळलं की पुणे बोलत नाही. पुणे बंद पडलंय की पुण्यात दुसरं कुणी बसून पट्ट्या करतंय, हे त्याला कळायचा मार्ग नाही. दोघांनीही लिहीत राहायचं ठरवलं असतं तर फायबर जोडल्यावर एकाच वक्कलाचे दोन भाव, आणि खरा कुठला ते तुम्ही कसं ठरवणार होता? म्हणून दोघंही खाली बसले. पत्री पडली.

चूक आकड्यात आहे. दोन सदस्यांचा सेट एकट्या सर्व्हरपेक्षा नाजूक असतो, कारण दोघांपैकी कुणीही गेलं तरी काम बंद. तीन करा. आता तिसरा कुठं ठेवायचा, यावर मी तुमच्याशी अर्धा तास वाद घालायला तयार आहे. पुस्तकी उत्तर असं की तिन्ही वेगवेगळ्या गावी ठेवा. पण तुमचा धंदा गाळ्यात होतो. इंटरनेट गेलं तरी पट्टी झाली पाहिजे, हीच गरज. मग दोन गाळ्यात आणि एक पुण्यात, पुण्याची प्रायॉरिटी शून्य, म्हणजे ते कधी प्रायमरी होणार नाही, मागून नक्कल घेत राहील. याचा तोटाही सांगते. गाळ्यातले दोन्ही एकदम गेले तर पुणे आपोआप काम हाती घेणार नाही. माणसानं बसून जबरदस्तीनं सेट नव्यानं मांडावा लागेल. ते कसं करायचं हे छापून भिंतीवर लावा, कारण त्या दिवशी इंटरनेट नसेल. आणि गाळ्यातले दोघं एकाच यूपीएसवर लावू नका. हसू नका, मी तीन ठिकाणी बघितलंय. एकाच बोर्डात दोन पिना.

तुमचा सॉफ्टवेअरवाला स्वस्तात 'अर्बायटर' सुचवेल. अर्बायटर मत देतो पण त्याच्याकडे डेटा नसतो. डेटावाल्या दोघांतला एक गेला की प्रायमरी टिकतो खरा, पण 'बहुसंख्य सदस्यांकडे पोचलं तरच पक्कं' अशा अटीचं लिखाण ताटकळत राहतं, कारण दुसरी डेटावाली प्रतच नसते. पाच-सात हजार वाचवायला हे दुखणं घेऊ नये.

अजून एक. फायबर किती दिवस तुटलेली चालेल? प्रत्येक लिखाण 'ऑपलॉग' नावाच्या ठरावीक लांबीच्या वहीत उतरतं आणि वही भरली की जुनी पानं पुसली जातात. पुणे परत आलं तेव्हा त्याला हवं असलेलं पान पुसलं गेलं असेल तर सगळी नक्कल पहिल्यापासून इंटरनेटवरून ओढावी लागते. वहीची लांबी आपोआप ठरते, मोकळ्या डिस्कच्या ५ टक्के, जास्तीत जास्त ५० जीबी. पण ती किती दिवस पुरते हे लिखाणावर ठरतं. जुलैत आठवडाभर पुरणारी वही कांद्याच्या हंगामात दीड दिवसात भरेल. हंगाम सुरू व्हायच्या आधी मोजा. ४.४ पासून किमान इतके तास ठेवाच, असंही सांगता येतं.

प्रश्न: पॉवरलूमवर आमची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. रोजच्या अहवालात रात्रपाळीचं उत्पादन दोन दिवसांत तुटतं. बारा वाजता तुटलं असतं तर समजलो असतो, पण तुटतं बरोबर पहाटे साडेपाचला.

उत्तर: साडेपाच हा आकडाच सगळं सांगतो. मोंगोडीबी तारीख-वेळ यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत, ठेवतो आणि आपली घड्याळं त्याच्यापुढं साडेपाच तास आहेत. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिकडे मध्यरात्र होते. अहवालात दिवस पाडताना टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्या, मग तुटणं बाराला येईल. पण तुम्हाला तेही नकोच आहे ना? मेस्त्रीच्या हिशेबात सोमवारी रात्री आठला चढलेली पाळी मंगळवारी सकाळी आठपर्यंत सोमवारचीच. तेव्हा वेळ आहे तशी राहू द्या आणि शेजारी 'पाळीचा दिवस' असं वेगळं फील्ड लिहा, मेस्त्री म्हणेल ते.

प्रश्न: पॅथॉलॉजी लॅबचं काम बघते. तीन मशीनचा रेप्लिका सेट आहे, तिन्हीकडे सगळा डेटा. तरी तुम्ही मागच्या लेखात बॅकअपवर एवढा जोर दिलात. एकाच डेटाची चौथी प्रत कशाला?

उत्तर: ताई, तुमच्याकडच्या एखाद्या मुलानं चुकून रिपोर्टचं कलेक्शन उडवलं, तर प्रायमरी तो हुकूम इमानेइतबारे ऑपलॉगमध्ये लिहील आणि एखाद-दोन सेकंदांत उरलेल्या दोघांकडूनही उडेल. रेप्लिका ही मशीन मेल्यावर कामाला येते, माणूस चुकल्यावर नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. सोलापूरला आल्यावरच्या दुसऱ्या वर्षातली. एका व्यापाऱ्याकडं रोज रात्री दोन वाजता बॅकअप निघायचा. मोंगोडंप या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामचा माल पाइपमधून सरळ जीझिप या आवळून बांधणाऱ्या प्रोग्रामला, तिथून तारखेच्या नावाची फाइल. सकाळी मेल यायची, 'बॅकअप यशस्वी'. मी ती मेल आठ महिने बघत होते. एका शनिवारी त्यांच्या माणसानं जुन्या वर्षाची बिलं काढताना चालू वर्षाचीही काढली. फोन आला तेव्हा मी घरी, ताटात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. 'काळजी करू नका, कालची प्रत आहे,' असं तोंडात घास ठेवूनच म्हणाले.

फोल्डर उघडलं. कालची फाइल २० बाइट. परवाची २०. त्याच्या आधीची २०. पडदा सरकवत गेले आणि २०, २०, २०, एकाखाली एक. रिकामी गोष्ट जीझिप केली की बरोबर वीस बाइटांची फाइल होते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. आठ महिन्यांपूर्वी मीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये बदलायला विसरले होते. मोंगोडंप रोज रात्री दारावरूनच परत जात होता. पण पाइपचा निकाल शेवटच्या माणसावरून ठरतो आणि शेवटचा माणूस जीझिप. त्याला काही मिळालंच नाही, ते त्यानं नीट बांधून ठेवलं आणि 'काम झालं' म्हणाला. म्हणून मेल. आठ महिन्यांपूर्वीची प्रत चढवली आणि पुढची बिलं मी आणि त्यांच्याकडची दोन माणसं, कार्बनच्या बिलबुकांवरून अकरा दिवस टाइप करत बसलो. त्या कामाचे पैसे मी मागितले नाहीत, त्यांनी विचारलेही नाहीत.

तेव्हापासून स्क्रिप्टच्या डोक्यावर 'पाइपफेल' लावते, म्हणजे मधला कुणीही पडला तर सगळंच पडलं असं धरलं जातं. फाइल कालच्यापेक्षा निम्म्याहून लहान झाली तर मेलऐवजी मला फोनवर मेसेज येतो. पण खरं औषध वेगळंच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका रिकाम्या मशीनवर आदल्या रात्रीची प्रत चढवते, शेवटचं बिल उघडते आणि व्यापाऱ्याला फोन करून विचारते, काल शेवटचं गिऱ्हाईक कोण होतं? नाव जुळलं तर प्रत खरी.

तुम्ही हे केलंत की आणखी एक आकडा हाती येईल, चढवायला लागतो किती वेळ. मोंगोडंप इंडेक्स साठवत नाही, त्यांची नुसती व्याख्या साठवतो. परत चढवताना सगळे इंडेक्स नव्यानं बांधावे लागतात. वीस मिनिटांत काढलेली प्रत चढायला चार तास लागलेले मी बघितले आहेत. डॉक्टरांना हे आधी सांगून ठेवा. डंप घेताना 'ऑपलॉग'चा पर्याय लावा, म्हणजे वीस मिनिटांत आत आलेले बदलही धरून एकाच क्षणाचं चित्र मिळतं. आणि चौथं मशीन परवडत असेल तर ते सेटमध्ये लपवून, मत न देता, प्रायॉरिटी शून्य, मुद्दाम एक तास मागं चालणारं ठेवा. कलेक्शन उडालं तर तासाभरात लक्षात आलं की पुरे. बॅकअप मात्र तरीही हवाच.

प्रश्न: मालकांना होटगी रोडच्या घरून अहवाल बघायचे असतात, म्हणून राउटरवर मोंगोडीबीचं २७०१७ पोर्ट उघडून दिलंय. पासवर्ड लावलेला नाही, पण आमचा आयपी कुणाला माहीत असणार?

उत्तर: पुढचं वाचायच्या आधी उठा आणि ते पोर्ट बंद करा.

केलंत? आता ऐका. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास. चांगल्या लाइनवरून एक पोर्ट धरून हे सगळे पत्ते ठोठावून बघायला तासही लागत नाही. तुमचं नाव-गाव माहीत असायची गरजच पडत नाही. जानेवारी २०१७ मध्ये नेमकं हेच झालं. जगभरचे हजारो उघडे मोंगोडीबी धुऊन काढले गेले आणि आत एकच चिठ्ठी, बिटकॉइन द्या, डेटा परत देतो. कित्येक ठिकाणी त्यांनी डेटा उचललाच नव्हता, नुसता पुसला होता. पैसे देणाऱ्यांचे पैसेही गेले. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ३.६ पासून हा डेटाबेस बसवल्यावर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. म्हणजे तुमच्याकडे कुणीतरी कष्ट घेऊन बाइंडआयपी, म्हणजे कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ती सेटिंग, बदललाय. ज्यानं बदलला त्याला बोलवून घ्या. ऑथरायझेशन चालू करा, मालकांसाठी वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे खासगी बंद वाट, लावा आणि त्यांना फक्त वाचण्याचा अधिकार द्या. मालक आहेत म्हणून सगळे अधिकार, असं डेटाबेसात चालत नाही.

प्रश्न: जुन्या पेंटियम मशीनवर नवी आवृत्ती टाकली. सुरूच होत नाही, 'इलिगल इन्स्ट्रक्शन' म्हणतं. व्हायरस आहे का?

उत्तर: नाही. इंटेल-एएमडीवर ५.० पासून मोंगोडीबीला एव्हीएक्स नावाची प्रोसेसरची सोय लागते आणि ती तुमच्या पेंटियममध्ये नाही. ४.४ चालेल, पण तिची देखभाल फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली. कॉम्प्युटर बदलायचा झाला तर इथं बदलणं योग्य. व्हर्च्युअल मशीनवर हाच संदेश आला तर मात्र खर्च करू नका, आधी सीपीयूचा प्रकार 'होस्ट' करून बघा. आणि ४.२ वरून थेट ६.० वर उडी मारता येत नाही. ४.४, ५.०, ६.० अशा पायऱ्या चढायच्या. प्रत्येक पायरीवर 'फीचर कंपॅटिबिलिटी व्हर्जन', म्हणजे डेटा कुठल्या आवृत्तीच्या रीतीनं वागवायचा ती खूण, वाढवायचं, पण चार-आठ दिवस थांबून, कारण ते वाढवल्यावर मागं फिरणं अवघड.

प्रश्न: युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात आहे. हजेरीच्या मशीनच्या जुन्या चाळीस लाख नोंदी पुसल्या. डिस्क तेवढीच भरलेली दिसते. शिवाय जुन्या नोंदी आपोआप जाव्यात म्हणून टीटीएल इंडेक्सही लावला होता, त्यानं एकही नोंद पुसली नाही.

उत्तर: पुसलेली जागा वायर्डटायगर स्वतःकडेच ठेवतो, नव्या नोंदींना वापरायला. हजेरी रोज येणारच आहे, तर ती जागा तिलाच राहू द्या. डिस्क खरोखर संपत आली असेल तर 'कॉम्पॅक्ट' चालवा, आधी सेकंडरीवर. किंवा सेकंडरीचा डेटा रिकामा करून तिला पहिल्यापासून नक्कल घ्यायला लावा. मला दुसरं जास्त आवडतं, त्या निमित्तानं सेट एका मशीनशिवाय चालतो का तेही कळतं.

टीटीएलचं कारण तुम्ही पाठवलेल्या नमुन्यातच आहे. तारखेला अवतरणचिन्हं आहेत. म्हणजे ती तारीख नाही, तारखेसारखी दिसणारी अक्षरं आहेत. टीटीएलचं काम दर मिनिटाला जागं होतं, अक्षरं बघतं आणि गुपचूप पुढं जातं. चूक झाली असंही सांगत नाही. आधी सगळ्या नोंदींत खरी तारीख करून घ्या. मग टीटीएल जागा झाल्यावर एकदम लाखो नोंदी पुसायला धावेल, तर तो दिवस पगाराचा नको.

प्रश्न: वय ७१. बुधवार पेठेत सुताचं दुकान. नातू म्हणतो, सगळा जमाखर्च मोंगोडीबीत टाकू. आयुष्यभर रोजमेळ लिहिला, एक पैसा चुकला तर रात्री झोप यायची नाही. याच्यावर विश्वास ठेवू का?

उत्तर: काका, नातवाला एक प्रश्न विचारा: रक्कम कुठल्या प्रकारात ठेवणार? 'नंबर' म्हणाला तर त्याला माझ्याकडं पाठवा. अपूर्णांक नेहमीच्या प्रकारात ठेवले की दहा पैसे आणि वीस पैसे मिळून तीस पैसे आणि वर कणभर असं काहीतरी होतं, आणि हजार ओळींनंतर तुमची झोप उडते. 'डेसिमल१२८' ३.४ पासून आहे, तो वापरावा, किंवा सगळं पूर्णांक पैशांत ठेवावं. एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा, दोन्ही होईल नाहीतर एकही नाही, ही सोय अनेक दस्तऐवजांसाठी २०१८ च्या ४.० मध्ये आली आणि ती चालायला एकटा सर्व्हर पुरत नाही, रेप्लिका सेट लागतो.

पण मला विचाराल तर जमाखर्च हा मुळात तक्त्यांचा माल आहे. डाव्या-उजव्या बाजूला रकाने आखूनच तो जन्माला आला. पोस्टग्रेस हा तक्त्यांचा डेटाबेस घ्या. सुताचे नमुने, काउंट, रंगांच्या छटा, पार्टीगणिक वेगळ्या अटी, हे मात्र नातवाच्या मोंगोडीबीत छान बसेल. दोघांची वाटणी करून द्या.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या कामात यायचंय, पण माझ्याकडं एक जुना लॅपटॉप सोडून काही नाही. कंपन्या अनुभव मागतात. अनुभव आणू कुठून?

उत्तर: लॅपटॉपवर तीन मोंगोड, म्हणजे मोंगोडीबीचे तीन सर्व्हर, चालव, पोर्ट २७०१७, २७०१८, २७०१९, तिघांना वेगवेगळी डेटाची फोल्डरं आणि तिघांचा मिळून एक रेप्लिका सेट. आठ जीबी रॅम असेल तर प्रत्येकाची कॅश पाव जीबीवर बांध, नाहीतर तिघंही अर्ध्या-अर्ध्या रॅमवर हक्क सांगतील. मग वीस ओळींचा प्रोग्राम लिही. दर सेकंदाला एक नोंद टाकायची, नोंदीत चढता आकडा, आणि लिहिलं गेलं की तोच आकडा पडद्यावर.

तो चालू असताना प्रायमरीला 'किल -९' मार, म्हणजे तो तडकाफडकी बंद पाड. घड्याळ बघ. पडदा थांबेल. दहा-बारा सेकंदांनी पुन्हा चालू व्हायला हवा. झाला नाही तर जोडणीच्या ओळीत तिन्ही पत्ते दिलेस का ते तपास. मग डेटाबेसात जाऊन मोज, पडद्यावर आलेला एखादा आकडा आत नाही असं झालंय का? आधी 'बहुसंख्यांकडे पोचलं तर पक्कं' अशा अटीनं कर, मग 'एकाकडे पोचलं तरी पुरे' अशा अटीनं पन्नास वेळा कर आणि बघ काही गळतंय का. रात्री डंप काढ, सकाळी सगळं पुसून परत चढव, मिनिटं लिहून ठेव. लाइट गेली तर उत्तमच, तोही एक प्रयोग धर.

काय मारलं, किती सेकंद लागले, किती नोंदी हरवल्या, अशी वही घाल. दोन महिन्यांची वही झाली की ती घेऊन सात रस्त्याला ये. मला रविवारच्या चढवाचढवीला मदतीला कुणीतरी हवंच आहे.